फिरंगी प्रवासी आणि आपली वैद्यकी

आपल्या देशाविषयीं परक्यांनीं जें कांहीं लिहून ठेवलें आहे, तें वाचतांना आपल्या लोकांत दोन प्रकारच्या वृत्ति आढळतात. एखाद्या जुन्या युरोपियन प्रवाशानें आपल्या वैद्यांची स्तुति केलेली दिसली, कीं कित्येकांची छाती अभिमानानें फुगते, आणि त्याच प्रवाशानें आपल्या एखाद्या उपचाराची हेटाळणी केलेली दिसली, कीं "तो परका, त्याला काय कळणार!" असें म्हणून तेच लोक पुस्तक मिटून ठेवतात. दुसरा वर्ग याच्या अगदीं उलट आहे. त्याला जुनें तेवढें सगळें अडाणीपणाचें वाटतें, आणि आजीच्या बटव्याचें नांव काढतांच त्याला हसूं येतें. आमच्या मतें या दोन्ही वृत्तींत दोष एकच आहे: पारख करण्याचे श्रम दोघांसहि नकोत. म्हणून या प्रवाशांचीं पुस्तकें प्रशस्तिपत्रें म्हणून वाचूं नयेत, आणि आरोपपत्रें म्हणूनहि वाचूं नयेत. तीं साक्षीदारांच्या जबान्या म्हणून वाचावीं, आणि न्यायाधीश जशी प्रत्येक जबानी तोलून पाहतो तशीं तोलून पाहावीं, असें आमचें सांगणें आहे. ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हे. आजारी मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईबापांना आजहि अर्ध्या रात्रीं ठरवावें लागतें, कीं कोणाचें ऐकावें व कोणाचें ऐकूं नये.

या प्रवाशांत पहिलें नांव गार्सिया द ओर्ता याचें घेतलें पाहिजे. स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यू आईबापांच्या पोटीं तो पोर्तुगालांत जन्मला, सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकला, आणि १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला. १५६८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचें घर गोव्यांतच होतें. मधून मधून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि त्यानें वैद्य म्हणून काम केलें. येथील वनस्पति व औषधी द्रव्यें यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांत त्याची गणना होते. चार वर्षांतच त्याचा लॅटिन सारांश युरोपांत निघाला व तेथील पंडितांच्या हातीं पडला.

हा ग्रंथ संवादरूप आहे. ओर्ता स्वतः आणि नुकताच स्पेनहून आलेला रुआनो नांवाचा एक कल्पित वैद्य यांच्या प्रश्नोत्तरांतून विषय उलगडत जातो. रुआनो प्राचीन ग्रंथकारांचे दाखले देतो, आणि ओर्ता त्याला सांगतो कीं ही वस्तु आपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे, ती तशी नाहीं. मालुपा नांवाचा एक हिंदु वैद्यहि त्यांत येऊन बोलतो. ओर्ता येथील वैद्यांचा आंधळा भक्त नव्हता. त्यांची विद्या अनुभवावर व परंपरेवर चालते, असें तो म्हणतो. परंतु आपल्या औषधांनीं गुण येत नाहीं असें दिसलें, म्हणजे आपण येथील ब्राह्मण वैद्यांचीं औषधें घेतों, हेंहि तो मोकळेपणें सांगतो. परक्याच्या विद्येपाशीं जाण्याची ही रीत आम्हांस शहाणपणाची वाटते.

आतां एक उदाहरण नीट पाहूं. ज्या रोगाला पुढें पटकी किंवा कॉलरा म्हणूं लागले, त्याचें गोव्यांतलें वर्णन ओर्तानें मोठ्या बारकाईनें केलें आहे. या रोगाचें येथील लोकांच्या तोंडचें नांवहि तो देतो. तें नांव म्हणजे आपला "मोडशी" हाच शब्द होय. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचा "मोर्देशीं" झाला, आणि फ्रेंचांनीं त्याचा अर्थ न समजून कुत्र्याचें मरण अशा अर्थाचा शब्द बनविला! या रोगावर येथील वैद्य काय करीत, तेंहि ओर्ता सांगतो. रोग्याला ते मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची पेज, म्हणजे कांजी, पाजीत. त्याच्या पायांना डाग देत. डोळ्यांत पिंपळी घालून पाहत. आणि गोळे येऊं लागले कीं डोकें, हात व पाय घट्ट बांधीत. पुढच्या शतकांत आलेला देलों हा फ्रेंच वैद्यहि मोडशीच्या रोग्याच्या टांचेला तापलेलें लोखंड लावण्याचा उपाय वर्णितो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. एकाच वैद्यानें, एकाच रोग्यावर, एकाच दिवशीं केलेले हे उपाय आहेत, आणि आजच्या ज्ञानाच्या उजेडांत ते एकमेकांपासून किती दूर जाऊन पडतात! पटकीचा रोगी मरतो तो मुख्यतः शरीरांतलें पाणी व क्षार वाहून गेल्यामुळें. साखरेचा अंश मिठाला आपल्याबरोबर आंतड्याच्या भिंतींतून आंत नेतो, व मिठाच्या मागोमाग पाणी आंत जातें, हें रहस्य १९६० च्या दशकांत उलगडलें. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली, तेव्हां बनगांव येथें डॉ. दिलीप महलनबीस यांनीं मीठ-साखरेच्या साध्या पाण्यावर हजारों रोगी सांभाळले. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें, तें चारच्या खालीं आलें. पुढें १९८० च्या दशकांत ढाक्यांतील संशोधकांनीं साखरेच्या जागीं तांदुळाचें पीठ वापरून पाहिलें, तेंहि पटकीवर गुणकारी ठरलें. कारण तांदुळाचें सत्त्व आंतड्यांत फुटून त्याची साखरच होते. म्हणजे गोव्याच्या वैद्याची कांजी योग्य वाटेवर होती. तिच्यांत मीठ बेतानें मोजून घातलेलें नसे, एवढी उणीव होती. टांचेच्या डागानें मात्र मरत्या माणसाच्या यातनांत भर पडण्यापलीकडे कांहींएक साधत नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, कीं युरोपियन वैद्य तरी त्या काळीं कोठें शहाणे होते? हें म्हणणें खरें आहे. रक्त काढणें, ओकाऱ्या करविणें व रेच देणें हे तेथील मानलेले उपाय होते, आणि ज्याच्या अंगांतलें पाणी आधींच संपत आलें आहे त्याला ते मारकच ठरत. त्यांच्याशीं तुलना करतां आपली कांजी पुष्कळच बरी. परंतु शेजाऱ्याची चूक मोठी होती एवढ्यावरून आपला डाग बरोबर ठरत नाहीं. आपली विद्या संपूर्ण खरी कीं संपूर्ण खोटी, हा प्रश्नच चुकीचा आहे. कांजी व डाग हे वेगळे करून प्रत्येकाचा निवाडा स्वतंत्रपणें करावयास हवा.

आपल्या वैद्यांची प्रतिष्ठा त्या काळीं लहान नव्हती, याला साक्षी पुष्कळ आहेत. लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ सालीं गोव्यास येऊन आर्चबिशपच्या पदरीं राहिला होता. तो लिहितो, कीं येथील हिंदु वैद्यांवर स्वतः व्हाइसरॉय, आर्चबिशप व मठवासी यांचाहि आपल्या देशबांधव वैद्यांहून अधिक विश्वास असे. पुढें जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ सालीं मुंबईहून जुन्नरास मोगल अधिकाऱ्याच्या जनान्यांतील रोग्यास पाहावयास गेला, तेव्हांची हकीकतहि गंमतीची आहे. पडद्याआडून प्रथम एका निरोगी दासीचा हात त्याच्यापुढें करण्यांत आला. नाडी पाहून त्यानें ही बाई धडधाकट आहे असें सांगितलें, तेव्हां कोठें खऱ्या रोग्याचा हात पुढें आला. परक्या वैद्याची परीक्षा घेतल्यावांचून आपला माणूस त्याच्या स्वाधीन करावयाचा नाहीं, ही त्या घरची चतुराई आम्हांस फार आवडते. आजच्या घरांनींहि ती सोडूं नये. मात्र ती परक्याइतकीच घरच्या वैद्यासहि लावावी.

ज्ञान घेतल्यावर तें ज्याच्यापासून घेतलें त्याचें नांव सांगणें, हा विद्येच्या व्यवहारांतला पहिला प्रामाणिकपणा होय. या बाबतींत मलबारांतील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याचें उदाहरण उठून दिसतें. त्याच्या देखरेखीखालीं तयार झालेला "हॉर्टुस मलबारिकुस" हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांत निघाला. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं चित्रें, वर्णनें व औषधी उपयोग आहेत. ही माहिती कोणी दिली, हें त्यानें झांकून ठेवलें नाहीं. इट्टि अच्युतन हे एळवा जातीचे वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण, यांचीं नांवें ग्रंथांत आलीं आहेत. एवढेंच नव्हे, तर त्यांनीं आपापल्या भाषेंत दिलेलीं प्रमाणपत्रेंहि जशींच्या तशीं छापलीं आहेत. त्यांतील तिघांचें पत्र कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे. गोव्यांतून दक्षिणेकडे गेलेल्या कुळांची भाषा १६७८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यांत छापली गेली, ही गोष्ट आपल्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? पुढें वनस्पतींना शास्त्रीय नांवें देणाऱ्या लिनियसनेंहि या ग्रंथाचा आधार घेतला.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याचें आहे. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या "जंटलमन्स मॅगेझिन" मध्यें एक पत्र छापून आलें. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला होता, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला होता. पुण्याजवळच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. हा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता. मुंबईच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया पाहिली, आणि पत्रलेखकानें ती पायरीपायरीनें वर्णिली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून माप घ्यावयाचें. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोंवतीं रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवून घ्यावयाची, परंतु रक्त खेळतें राहावें म्हणून दोन डोळ्यांमधला धागा तुटूं द्यावयाचा नाहीं. मग ती वळवून खालीं आणावयाची व नाकाच्या ताज्या कडांना जुळवावयाची. वरून पाण्यांत कालविलेल्या काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपांत भिजविलेल्या कापडाच्या घड्या, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं तो मधला धागा तोडावयाचा. हें वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें प्रेतांवर सराव केला, १८१४ सालीं जिवंत रोग्यावर ही क्रिया यशस्वी केली, व १८१६ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. तेथून ती सर्व युरोपांत पसरली.

रोग्याचें नांव इतिहासांत राहिलें, पाहणाऱ्यांचीं नांवें राहिलीं, कार्प्यूचेंहि राहिलें. ज्याच्या हातांत ती कला होती त्या माणसाचें नांव मात्र कोणीं विचारून ठेवलें नाहीं. इंग्रजांनीं तें टिपलें नाहीं, हा त्यांचा दोष खराच. परंतु पुण्यासारख्या राजधानींत, जेथें कागदपत्रांचे रुमालच्या रुमाल लिहिले जात होते, तेथें तरी तें कोणीं लिहून ठेवलें? जातीनें हलका मानलेला हात कितीहि कुशल असला, तरी आपल्या पोथ्यांतून त्याला जागा मिळत नसे, हें कटु सत्य आपण मान्य केलें पाहिजे. परकीय प्रवासी वैद्यकीचें चित्र काढतात त्यांत ब्राह्मण पंडित आहेत, तसेच एळवा व विटा करणारेहि आहेत. अभिमान धरावयाचा तर तो या सर्वांचा धरला पाहिजे.

आतां या जबान्यांची दुसरी बाजू पाहूं. प्रवासी हा नवल शोधीत येतो, आणि नवल शोधणारा लवकर फसतो. सर्पाच्या विषावर उतारा म्हणून "सर्पमणि" किंवा विषारी खडा या वस्तूचें वर्णन त्या काळच्या कित्येक प्रवाशांनीं केलें आहे. फ्रायरहि सांगतो, कीं हा खडा दंशाला चिकटतो, विष ओढून घेतो, आणि दुधांत टाकला म्हणजे पुन्हां शुद्ध होतो. युरोपांतल्या मोठमोठ्या विद्वानांचा यावर विश्वास बसला होता. परंतु इटलींतील फ्रान्सेस्को रेदी या वैद्यानें असे खडे मिळवून प्राण्यांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, आणि त्यांचा कांहींच उपयोग होत नाहीं असें १६७१ सालीं प्रसिद्ध केलें. खडा चिकटतो तो सच्छिद्र असून ओल शोषतो म्हणून. शरीरांत पसरलेलें विष त्यानें बाहेर येत नाहीं. मग लोक बरे कसे होत? पुष्कळ सर्प बिनविषारी असतात, आणि विषारी सर्पहि प्रत्येक वेळीं विष सोडतोच असें नाहीं. जे आपोआप वांचले त्यांचें श्रेय खड्याला मिळालें, आणि जे मेले त्यांचा दोष नशिबाला! अनुभवाच्या नांवाखालीं आपण किती फसूं शकतों, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तरीहि परीक्षेंत नापास झालेल्या प्रत्येक औषधाला उकिरड्यावर फेकावें असेंहि नाहीं. सर्पगंधेची मुळी पूर्वीं सर्पदंशावर देत असत. त्या कामीं ती निरुपयोगी आहे. परंतु मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा काळजीपूर्वक उपयोग करून १९४९ सालीं आपला अनुभव इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि त्या मुळीकडे सर्व जगाचें लक्ष वेधलें. परंपरेनें एका रोगावर सांगितलेली वस्तु दुसऱ्याच रोगावर खरी ठरली. परंपरा आपल्याला कोठें शोधावें तें सुचविते. सांपडलेलें खरें कीं खोटें, हें प्रयोगानेंच ठरवावें लागतें.

आम्हांस याहून अधिक महत्त्वाची वाटते ती पुढली गोष्ट. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालें. ज्या देशांत प्रत्येक आई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबते, त्या देशाला हें ऐकून संताप आला, तो योग्यच होता. परंतु तें पेटंट संतापानें रद्द झालें नाहीं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं जुने लेखी पुरावे पुढें केले, तेव्हां १९९७ सालीं तें रद्द झालें. जें लिहिलेलें होतें तेंच कामास आलें. केवळ आजीच्या तोंडीं असलेलें ज्ञान अशा वादांत साक्षीला उभें राहूं शकत नाहीं, आणि आजी गेल्यावर तर तें कोठेंच राहत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, सुटींत गांवीं जाल तेव्हां एक वही बरोबर न्या. रानांतल्या वनस्पतींचीं तेथलीं नांवें, त्या कोणत्या दुखण्यावर देतात, पान कीं मूळ, किती व कशांतून, हें विचारून लिहून घ्या. सांगणाऱ्याचें नांव, त्याच्या संमतीनें, अवश्य लिहा. मग तो भगत असो, सुईण असो किंवा गुरें राखणारा असो. औषधानें किती जण बरे झाले हें लिहाल, त्याच्याच शेजारीं किती जण झाले नाहींत तेंहि विचारून लिहा. कारण खरें ज्ञान बहुधा त्या दुसऱ्या रकान्यांत दडलेलें असतें. मात्र लिहिलेलें औषध स्वतःवर किंवा धाकट्या भावंडांवर करून पाहूं नका. तें काम ज्यांनीं त्याचें शिक्षण घेतलें आहे त्यांचें आहे.

आणि पालकहो, आपणांस दोनच गोष्टी आग्रहानें सांगावयाच्या आहेत. पहिली सर्पदंशाची. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मेलीं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर लस उपलब्ध आहे. ती वेळेवर टोंचली तरच उपयोगी पडते, आणि मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यांतून वजा होतो. साप, विंचू किंवा कुत्रें चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. दुसरी गोष्ट डागाची. ओर्तानें १५६३ सालीं वर्णिलेलें तें तापलेलें लोखंड अजून थंड झालेलें नाहीं. मेळघाटांतून तान्ह्या मुलांच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतहि आल्या आहेत. तेथल्या आईबापांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण ज्यांच्या पाड्यापासून दवाखाना अनेक कोस दूर आहे, त्यांना जो जवळ असेल तोच वैद्य. त्यांच्यापर्यंत रस्ता व डॉक्टर पोंचविणें हें शहाण्यासुरत्या समाजाचें काम आहे. तें होईपर्यंत ज्यांना कळतें त्यांनीं ज्यांना कळत नाहीं त्यांना प्रेमानें समजावून सांगितलें पाहिजे.

साडेचारशें वर्षांपूर्वीं गोव्यांतल्या त्या वैद्यानें एका हातांत कांजीचा वाडगा घेतला होता व दुसऱ्या हातांत तापलेली सळई. परकीय प्रवाशानें दोन्ही पाहिलीं व दोन्ही लिहून ठेवलीं. त्यांतलें काय ठेवावयाचें व काय टाकावयाचें, हा निवाडा त्यानें आपल्यासाठीं केलेला नाहीं. तो आपल्यालाच केला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां डॉक्टर, वैद्य, परिचारिका किंवा नुसते चांगले आईबाप होतील, त्यांनीं तो पुरावा पाहून करावा, आणि ज्यानें शिकविलें त्याचें नांव सांगावयास विसरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.